अंगणवाडीत शिकवायचा वेळ कुणाच्या हिशोबात आहे? तीन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
मा. वित्त मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

तुम्हा तिघांना एकाच पत्रात गाठण्याचं कारण आहे. तीन ते सहा वर्षांची जी मुलं आज गावोगावच्या अंगणवाड्यांत बसलेली आहेत, ती तिघांच्याही खात्यात थोडी थोडी येतात आणि पूर्ण अशी कुणाच्याच येत नाहीत. महिला व बालविकास खातं त्यांचं वजन करतं, त्यांना आहार देतं. शालेय शिक्षण खातं सहा वर्षं पूर्ण झाली की त्यांचं नाव हजेरीपटावर घेतं. वित्त खातं इमारत, आहार, मानधन अशा शीर्षांखाली पैसे देतं. या मुलांना रोज दोन-तीन तास कुणीतरी समोर घेऊन बसावं, गोष्ट सांगावी, गाणी म्हणून घ्यावीत, हाताला काम द्यावं, त्यांचं बोलणं ऐकून घ्यावं, यासाठी मात्र एकाही खात्याने वेळ आणि माणूस राखून ठेवलेला नाही. माझी मुख्य तक्रार एवढीच आहे. बाकीच्या सगळ्या तिच्यातून निघतात.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिक्षिका होते. नोकरीची बहुतेक वर्षं पहिलीचा वर्ग माझ्याकडे असायचा, कारण पहिली मागून घेणारे शिक्षक कमी असतात. आता निवृत्त आहे. माझी चार वर्षांची नात गावातल्या अंगणवाडीत जाते. तिच्यासाठी मला काही मागायचं नाही, तिला घरी शिकवायला मी आहे. तिच्या शेजारी चटईवर बसणाऱ्या मुलांच्या घरी आई-वडील आणि आजी-आजोबा सगळेच दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातात. हे पत्र त्या मुलांसाठी आहे.

पहिलीच्या शिक्षिकेला शाळा उघडल्यावर आठवड्याभरात कळतं की कोणत्या मुलाला अंगणवाडी खरोखर मिळाली आणि कोणाचं नुसतं नाव तिथे होतं. मी मूठभर चिंचोके पुढ्यात ठेवायचे आणि म्हणायचे, यातले पाच मला दे. एखादं मूल बोटाने एकेक सरकवत पाच काढून देई. दुसरं मूल एक ते वीस घडाघडा म्हणून दाखवी आणि मग ओंजळभर चिंचोके माझ्या हातावर ठेवी. आकडे त्याला पाठ असत, मोजणं ठाऊक नसे. तिसरं मूल चिंचोक्यांकडे बघतच नसे, दाराकडे बघत राही, कारण घराबाहेरच्या माणसाशी बोलायची त्याला सवयच लागलेली नसे. बुद्धीने ही तिन्ही मुलं सारखीच. पहिलं कुठेतरी, कुणाच्या तरी प्रेमळ नजरेखाली, खड्यांशी, मण्यांशी, बियांशी दोन वर्षं खेळून आलेलं असे, फरक तेवढाच. पहिलीत मी तो फरक भरून काढायला बघायची. पण तोवर पुस्तक सुरू झालेलं असतं, वर्गात दोन इयत्ता एकत्र बसलेल्या असतात, आणि मागे राहिलेलं मूल चौथीपर्यंत मागेच राहताना मी पाहिलं आहे. शिक्षकांना त्याचा जाब विचारला जातो. आधीच्या तीन वर्षांचा जाब कुणालाच विचारला जात नाही.

आता अंगणवाडीच्या दारात या. नातीला सोडायला गेले की हे दृश्य दिसतं: सेविका पायरीवर उभी, कारण मोबाईलला रेंज नेमकी तिथेच मिळते. समोर कडेवर बाळ घेतलेली आई. तिला घरी न्यायच्या आहाराची पाकिटं द्यायची तर आधी पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये तिचा चेहरा जुळला पाहिजे. "ताई, डोळे उघडे ठेवा, हलू नका." पडद्यावर चक्र फिरत राहतं. बाळ रडायला लागतं. पुन्हा फोटो. मागे आणखी दोघी-तिघी ताटकळलेल्या, त्यांची मजुरीची वेळ टळत असते. आत वीसेक मुलं चटईवर. मदतनीस खिचडीपाशी. मोठ्या गटातली एक मुलगी लहानाच्या पाटीवर रेघा ओढून देते, आणि त्या वेळेपुरती तीच त्या वर्गाची बाई असते.

त्या सेविकेला मी चांगली ओळखते. तिला गोष्ट सांगता येते. माकडाची गोष्ट सांगताना ती आवाज बदलते तेव्हा मुलं जेवण विसरतात. तिच्या हातात अभ्यासक्रमही आहे. राज्याचा 'आकार' होता, आता केंद्राचा तीन ते सहा वर्षांसाठीचा 'आधारशिला' आहे. 'पोषण भी पढाई भी' म्हणून २०२३ पासून प्रशिक्षणंही सुरू झाली. नाही तो वेळ. वजन-उंची, गृहभेटी, गरोदर आणि स्तनदा मातांच्या नोंदी, लसीकरणाच्या दिवशी आरोग्य खात्याची मदत, सॅम-मॅम, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित, मुलांचा पाठपुरावा, आहाराचा हिशोब, बीटच्या बैठका, आणि त्यावर मतदार यादीपासून वेगवेगळ्या सर्वेक्षणांपर्यंत जे येईल ते. २०२४ च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायचं काम आलं तेव्हा तेही सेविकांवर पडलं, अर्जामागे ५० रुपये ठरवून. अर्ज भरले जायलाच हवे होते. त्या रांगांत माझ्या गावच्या बाया होत्या आणि ते पैसे त्यांना हवेच होते. पण त्या दिवसांत अंगणवाडीतल्या मुलांपुढे कोण बसलं होतं, हा प्रश्न मंत्रालयात कुणी विचारला का?

२०२१ मध्ये सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाईल परत केले. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ असा दीड महिन्याहून जास्त काळ त्या संपावर होत्या. दोन्ही वेळी चर्चा मानधनाची आणि मोबाईलची झाली. ती व्हायलाच हवी होती. शासनाने मार्च २०२३ मध्ये सेविकांचं मानधन ८,३२५ वरून १०,००० आणि मदतनिसांचं ४,४२५ वरून ५,५०० केलं, २०२४ मध्ये आणखी वाढ केली, त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. केंद्राने २०१८ साली ठरवलेल्या ४,५०० रुपयांच्या भरवशावर आपल्या सेविकांना सोडलं नाही, हे राज्याचं चांगलं काम आहे. तरीही मानधन वाढलं म्हणून दिवसाचे तास वाढले नाहीत. एका बाईने दोन बायांचं काम करायचं, ही मांडणी तशीच राहिली.

सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ च्या निकालात सेविका आणि मदतनिसांना उपदान (ग्रॅच्युइटी) कायदा लागू होतो असं सांगितलं, आणि त्यांचं काम अर्धवेळाचं समजू नये, हेही सुनावलं. तो खटला गुजरातचा होता, पण ज्या कामाचं वर्णन न्यायालयाने केलं ते आपल्या प्रत्येक वाडीवस्तीवर चालतं.

आहाराबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर बाकीचे लोक पुष्कळ लिहितात. तीन ते सहा वर्षांच्या मुलामागे दिवसाला ८ रुपये हा दर २०१७ मध्ये ठरला आणि पुढची कित्येक वर्षं जागचा हलला नाही. यात अर्धा वाटा केंद्राचा, अर्धा राज्याचा. डाळ, तेल, गॅस सगळं वाढत गेलं, बचत गटांच्या बायांनी तेवढ्यातच भागवलं, आणि बिलं थकली की स्वतःच्या उधारीवर चूल पेटती ठेवली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ ला महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं खुरटलेली, म्हणजे वयाच्या मानाने बुटकी, होती, २०१९-२१ ला ३५.२ टक्के. रक्तक्षय असलेल्या मुलांचं प्रमाण ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेलं. २००५ साली कुपोषणासाठी खास राजमाता जिजाऊ मिशन काढणाऱ्या राज्याचे हे आकडे आहेत. अंगात रक्त नसलेलं मूल वर्गात पेंगतं. त्याला आम्ही आळशी म्हणायचं का?

शालेय शिक्षण मंत्र्यांना इथे वेगळं सांगायचं आहे. राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी राज्यावर होती, त्यात लहान मुलंही आली. २००२ च्या दुरुस्तीत ६ ते १४ वयाला मूलभूत हक्क मिळाला आणि सहाच्या खालच्या मुलांसाठी राज्याने प्रयत्न करावा, एवढंच उरलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही त्यांच्या शिक्षणाची सोय अकराव्या कलमात राज्याच्या मर्जीवर सोडली. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला शाळा मिळाली नाही तर पालक कोर्टात जाऊ शकतात, चार वर्षांच्या मुलाला नुसती खिचडी मिळाली आणि शिकणं मिळालं नाही तर त्याच्या बापाला दाद मागायला जागा नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि २०३० पर्यंत सर्व मुलांना दर्जेदार बालशिक्षण देण्याचं उद्दिष्ट ठेवलं. टप्पा एक झाला, पण खाती दोन राहिली. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेला शाळेत काय शिकवतात ते माहीत नसतं आणि पहिलीच्या शिक्षिकेकडे येणाऱ्या मुलाबद्दल अंगणवाडीतून एक ओळसुद्धा येत नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत आली नाही, आणि अंगणवाडी बऱ्याचदा त्याच आवारात, एका भिंतीपलीकडे होती.

या पोकळीत गल्लोगल्ली केजीचे वर्ग निघाले. पत्र्याच्या खोलीत तीन वर्षांच्या मुलाला चार-रेघी वहीत ए-बी-सी-डी गिरवायला लावतात, बोटं दुखेपर्यंत, आणि रोजंदारीवर जगणारे आई-बाप त्याची फी भरतात. त्यांना मी दोष देत नाही. सरकारी केंद्रात मूल नुसतं बसून राहतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

खरं तर हे सगळं महाराष्ट्राला बाहेरून कुणी शिकवायची गरज नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तिथे आल्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. जी मुलं बालवाडीत येत नव्हती त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात जाऊन त्यांनी बालवाडी भरवली. शिंपले, बिया, पानं, काड्या हेच त्यांचं साहित्य होतं. मुलांना आंघोळ घालणं, खाऊ देणं आणि शिकवणं ही त्यांच्याकडे एकाच सकाळची कामं होती. अंगणवाड्या जिच्यातून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली त्याच्या तीस वर्षं आधीची ही गोष्ट आहे. आपण केंद्रांची संख्या वाढवत १ लाख १० हजारांच्या घरात नेली. पण ताराबाई-अनुताईंच्या कामातला जो भाग सगळ्यात अवघड, तोच वाटेत गळाला.

उपाय काय, तर दुसरं माणूस. हे माझं नुसतं मत नाही. तमिळनाडूत कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी राज्य सरकारबरोबर ३२० अंगणवाड्यांत प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही केंद्रं निवडून तिथे शिकवण्यासाठी एक अर्धवेळ कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षात त्या केंद्रांतली मुलं गणितात आणि भाषेत पुढे गेली. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथल्या मुलांचं खुरटणं आणि तीव्र कुपोषणही कमी झालं, कारण मूळ सेविकेला आहार आणि आरोग्याच्या कामासाठी मोकळा वेळ मिळाला.

वित्त मंत्री महोदय, हिशोब मांडून बघू या. अर्धवेळ बालशिक्षिकेला महिना ७,५०० रुपये धरले तर एका केंद्रामागे वर्षाला ९०,००० रुपये. १ लाख १० हजार केंद्रांचे ९९० कोटी. २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प साधारण ७ लाख कोटींचा होता. म्हणजे दर ७०० रुपयांमागे १ रुपया. त्याच वर्षी लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटी ठेवले गेले, तेव्हा राज्याने ठरवलं तर पैसा उभा राहतो हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. बहिणींचा एक रुपयाही कमी करू नका. त्यांच्याच मुलांसाठी मागते आहे.

आणखी एक गोष्ट माझ्या जिल्ह्याची. दिवाळीनंतर आमची गावं रिकामी होतात. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, आणि सहा वर्षांखालची मुलं आई-बापांबरोबर जातातच, त्यांना ठेवणार कुणाकडे? मोठ्या भावंडांसाठी वसतिगृहं झाली, चांगलं झालं. धाकटी मात्र फडात असतात. पहाटे आई कोयता घेऊन उतरते तेव्हा मूल बांधावर, चिपाडावर, नाहीतर बैलगाडीच्या सावलीत. सात वर्षांची बहीण दोन वर्षांच्या भावाला सांभाळते, त्यामुळे तिचीही शाळा जाते. गाळप संपून एप्रिलच्या सुमारास ही मुलं गावी परततात तेव्हा सेविका त्यांचं वजन करते आणि तो आकडा बघून गप्प होते. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सांगितलं आहे की सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असलेल्या ज्या वस्तीत अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. मोठ्या कारखान्याच्या कोप्यांवर, म्हणजे तोड मजुरांच्या झोपड्यांच्या तळावर, चाळीसाहून कितीतरी जास्त मुलं असतात. पण हंगाम पाच-सहा महिन्यांचा. मागणी करून, तीन महिने थांबून केंद्र येईतो कोप्या उठायची वेळ होते. त्यामुळे ही केंद्रं हंगामाआधीच उभी राहिली पाहिजेत.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

राज्याच्या अर्थसंकल्पात तीन ते सहा वर्षांच्या बालशिक्षणासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडा, आहार आणि बांधकामापासून वेगळं, म्हणजे शिकवण्यावर किती खर्च झाला हे कुणालाही वाचता येईल.

प्रत्येक अंगणवाडीला एक प्रशिक्षित अर्धवेळ बालशिक्षिका द्या. एकदम जमणार नसेल तर पहिल्या वर्षी आदिवासी आणि ऊसतोडीच्या तालुक्यांत द्या, आणि बाकीच्यांचं वर्षवार वेळापत्रक त्याच शासन निर्णयात लिहा. गावातल्याच बारावी झालेल्या मुली या कामाला मिळतील. तोवर रोज सकाळचे दोन तास सेविकेकडे मुलांशिवाय दुसरं कोणतंही काम नको. त्या वेळात बैठक नको, सर्वेक्षण नको, फोटो नको, आणि कुणी अधिकाऱ्याने काम सांगितलं तर नाही म्हणण्याचा लेखी अधिकार तिला द्या.

आहाराचा दर दरवर्षी महागाईप्रमाणे आपोआप वाढेल असा निर्णय घ्या. केंद्र वाढवेपर्यंत राज्याने आपली भर घालावी. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी-केळी मिळतात, ती सगळ्या अंगणवाड्यांत द्या.

सेविका आणि मदतनिसांना उपदान देण्याची पूर्ण अंमलबजावणी कधी होणार, याची तारीख जाहीर करा.

येत्या गाळप हंगामाआधी, गाळप परवाना देतानाच, कारखान्याच्या तळावर पाळणाघर आणि अंगणवाडी असल्याची अट घाला. आईच्या कामाच्या वेळेनुसार ते पहाटे उघडलं पाहिजे. सकाळी दहाला उघडणारं केंद्र तिच्या काही कामाचं नाही.

महिला व बालविकास आणि शालेय शिक्षण या दोन्ही खात्यांनी मिळून प्रत्येक मुलाचं एक साधं प्रगतिपत्रक ठरवा, जे अंगणवाडीतून पहिलीच्या शिक्षिकेच्या हातात जाईल. तिथे शाळेत बालवाटिका (पहिलीच्या आधीचा वर्ग), इथे अंगणवाडी अशी आणखी दोन दुकानं मांडू नका, नाहीतर ज्याला परवडेल तो एकीकडे आणि उरलेली मुलं दुसरीकडे, असं होईल.

तुम्ही तिघांनी एकत्र बसून या पत्राला जाहीर उत्तर द्यावं, अशी माझी विनंती आहे. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी द्यावं, कारण अधिवेशन संपल्यावर मिळालेल्या आश्वासनामागे पैसे नसतात. यातलं जे होणार नाही ते का होणार नाही, हेही स्पष्ट लिहा. ते पत्र मी आमच्या अंगणवाडीच्या पालक सभेत वाचून दाखवीन.

आपली विश्वासू,
पहिलीच्या वर्गाची एक निवृत्त शिक्षिका
बीड जिल्हा